पांढऱ्या दोऱ्याचा वेढा

माझ्या सासूबाईंशी देव बोलायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. यावरून मी वर्षभर जळत होते. सरळच सांगते, आडून कशाला बोलायचं. बायका जावेच्या माहेरावर जळतात, शेजारणीच्या नव्या पडद्यांवर जळतात, मी सासूच्या देवावर जळत होते. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, त्यामुळे ती आतल्या आत राहिली आणि चांगली पोसली गेली.

गेला होता एकच माणूस. त्यांचा मुलगा आणि माझा नवरा. सकाळी दुकानाचं शटर उचलायला वाकला तो उठलाच नाही. लोक भेटायला आले ते आधी त्यांच्याजवळ बसले आणि मग माझ्याजवळ. आईचं दुःख मोठं, असं एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या. कोणत्या मापाने मोजलं ते काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे दुःखाच्या वाटणीतही मला कमी, आणि पुढे आधाराची वाटणी झाली तेव्हा तर सगळाच त्यांना. ही वाटणी नीट झालेली नाही, असं माझं ठाम मत होतं.

आमचं दुकान रफूचं. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शालीला कसर लागली, पँट खिळ्याला अडकून फाटली की लोक आमच्याकडे येतात. सासूबाई त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतात, आणि उभे-आडवे विणून ते भोक असं बुजवतात की नंतर ते कुठे होतं हे मालकालाही सापडू नये. चाळीस वर्षं त्या हेच करताहेत. मला रफू जमत नाही. मी शिकायला बसले होते, पण अर्ध्या तासात माझा धीर सुटतो आणि सुई कुठेतरी भलतीकडेच जाते. मी बटणं, चेन आणि इस्त्री बघते. त्यांच्या बोटांवरही मी थोडी जळायचेच, पण ते जुनं होतं, अंगवळणी पडलं होतं.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. भोक दिसलं की सासूबाई आधी त्याच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे मोठे टाके घालून गोल आखून घेतात. त्याला आम्ही वेढा म्हणतो. काम झालं की वेढा तसाच ठेवायचा. ज्याने रफू केलं त्याने तो काढायचा नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. दुसऱ्याने कापड खिडकीशी धरायचं आणि भिंगातून वेढ्याच्या आत बघायचं. रफू सापडलं तर काम परत टेबलावर. नाहीच सापडलं तर दोरा ओढून टाकायचा आणि कपडा इस्त्रीला द्यायचा.

हे बघायचं काम नवऱ्याचं होतं. तो भिंग डोळ्याला लावायचा, कापड इकडे तिकडे फिरवायचा आणि दर वेळी तोच विनोद करायचा. "आई, इथे भोक होतं तरी का? की मला फसवतेस?" सासूबाई दर वेळी हसायच्या. मला पंधरा वर्षांत त्या विनोदावर एकदाही हसू आलं नाही. तो गेल्यावर भिंग माझ्याकडे आलं, आणि पहिला कोट खिडकीशी धरला तेव्हा ते वाक्य मला इतकं ऐकू आलं की मी काही न बघताच दोरा ओढून टाकला.

आता देवाचं सांगते. मागची खोली नवऱ्याची. तिथे एक खाट, एक खुर्ची, खिडकी, आणि दाराच्या खुंटीवर त्याचा करडा कोट. तो गेल्यानंतर आठवड्याभरात सासूबाई रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायला लागल्या. अर्धा तास. आतून आवाज यायचा. देवाशी बोलणं त्यांचं आधीपासूनच होतं, भाजी निवडताना, सुई ओवताना, जाता येता. पण हे वेगळं होतं. त्या हळू काहीतरी सांगायच्या. मग थांबायच्या. चांगल्या थांबायच्या. आणि मग म्हणायच्या, "बरं."

त्या "बरं"ने माझं डोकं फिरवलं. बोलतं तर कुणीही. भिंतीशीही बोलता येतं. पण "बरं" माणूस केव्हा म्हणतो? समोरून काहीतरी आल्यावर. म्हणजे त्यांना उत्तर येत होतं. मी दाराबाहेर उभी राहायचे, हातात चहाचा कप, कान दाराला. आत पुन्हा कुजबुज, पुन्हा थांबणं, पुन्हा "बरं, तसंच करते." आणि त्या बाहेर यायच्या, चेहरा धुतल्यासारखा, आणि मला म्हणायच्या, चल, शटर उघडू. मी त्यांच्याआधी उठायला लागले होते, ते फक्त दाराशी वेळेवर पोचता यावं म्हणून. नाहीतर त्या दिवसांत मला अंथरुणातून उठायचं काही कारणच नव्हतं.

मी स्वतः करून बघितलं नाही असं नाही. एकदा सासूबाई दात दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, देवा, मी बोलतेय. मग काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, मला फार वाईट वाटतंय. आणि थांबले, त्या थांबतात तशीच. नळ गळत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मी बराच वेळ थांबले, कारण म्हटलं त्यालाही वेळ लागत असेल, माझा आवाज ओळखीचा नाही. काही आलं नाही. मी भांडी घासली. त्या दिवशी सासूबाई परत आल्यावर मी त्यांच्याशी नीट बोललेही नाही, आणि त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय.

वर आणखी हे की त्या हा आधार लोकांना वाटायच्या. समोरच्या बेकरीवाल्या बाईची बहीण दूर कुठे आजारी होती. ती काउंटरवर रडली तर सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, त्याच्याशी बोलत जा, मन हलकं होतं. टपाल देणाऱ्याला त्यांनी हेच सांगितलं. एका शिक्षकाला, ज्याचा शर्ट माझ्या इस्त्रीने बिघडवला होता, त्यालासुद्धा. सगळ्या गल्लीला सांगून झालं, पण मला नाही. एका छपराखाली राहून त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत की ये, बस माझ्याजवळ. मी वाट बघायचे. वाट बघत असतानाच ठरवायचे की बोलावलं तरी जायचं नाही. पण बोलावतील तर खरं.

मग त्या वकीलबाईंचा कोट आला.

वकीलबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. काळा कोट, कोपराजवळ बोटभर भोक, कपाटाच्या बिजागरीला अडकून झालेलं. शुक्रवारी मोठं काम आहे, गुरुवारी हवा, म्हणाल्या. काळ्यावर काळं रफू म्हणजे डोळ्यांची परीक्षा. सासूबाईंनी कोट उलटा केला, आतून काम करायची त्यांची सवय, वेढा घातला आणि बसल्या. तीन तास मान वर केली नाही. मी इस्त्री करता करता बघत होते. शांत चेहरा, सुई वर, सुई खाली. मला वाटलं, असं बसायला माणसाला आतून काहीतरी मिळालेलं असावं लागतं. माझ्या हातून इस्त्रीने एका रुमालाचा कोपरा पिवळा झाला.

संध्याकाळी मी कोट खिडकीशी धरला. भिंग लावलं. वेढ्याच्या आत काही म्हणजे काही नव्हतं. ना एक धागा वर, ना एक खाली. मी ताणून बघितलं, तिरकं धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं. इतकं सुंदर रफू मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. मनात आलं, हातसुद्धा देवच धरत असणार यांचा. मी दोरा असा ओढला की तो तुटला. मग इस्त्री करून कोट टांगून ठेवला.

गुरुवारी सकाळी सासूबाई बेकरीत गेल्या होत्या तेव्हा, दुकान उघडायच्या आधीच, वकीलबाई अर्ध्या शटरखालून आत येऊन कोट घेऊन गेल्या, आणि पाचच मिनिटांत परत आल्या. चिडल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. त्यांनी कोट काउंटरवर ठेवला आणि उजवी बाही वर केली. भोक जसंच्या तसं होतं. मी ज्या बाहीत इतकं सुंदर रफू बघितलं होतं ती डावी होती. तिला कधी भोक पडलंच नव्हतं.

कोट उलटा केला की डावी-उजवी बदलते, हे नवशिक्यालासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात. सासूबाईंनी धडधाकट कापडाला वेढा घातला होता. आणि मी वेढ्याच्या आत बघितलं, भोक दिसलं नाही, म्हणून काम उत्तम झालं असं धरून चालले. दुसऱ्या डोळ्यांचा नियम आमच्याइतका मूर्खपणाने कुणी पाळला नसेल. मी वकीलबाईंची माफी मागितली आणि उद्या सकाळी कोर्टात जायच्या आधी कोट तयार ठेवते असं कबूल केलं.

मला आधी काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. चाळीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही अशी. सासूबाई पाव घेऊन परत आल्या आणि मी बघितलं तर त्या पिशवी ठेवून सरळ मागच्या खोलीत गेल्या, कारण सकाळचा अर्धा तास राहिला होता. दार लोटलं गेलं. मी कोट उचलला. मनात वाक्य तयार होतं. देवाने हे सांगितलं नाही वाटतं, डावी कोणती नि उजवी कोणती? मी दाराशी पोचले आणि आतून आवाज आला, "बरं, बघते."

मी दार ढकललं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीकडे नव्हे, दाराकडे तोंड करून. मांडीवर नवऱ्याचा करडा कोट होता. डोळे उघडे होते आणि दाराखालच्या फटीवर खिळलेले. चोरी करताना पकडलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला. मी नुसती बाही पुढे केली. त्यांनी भोक बघितलं आणि मग दुसरी बाही चाचपली.

"तीन तास काय करत होतात आई?" मी विचारलं.

"सुई हातात होती," त्या म्हणाल्या. "दोरा ओवला होता की नाही, आठवत नाही."

मी खाटेच्या कडेवर बसले. त्या कोटाची बाही दुमडत होत्या, उलगडत होत्या.

"आत्ता कुणाशी बोलत होतात?"

"तुझ्याशी."

मला कळलं नाही. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेरची ती फरशी हलते, म्हणाल्या. तू उभी राहिलीस की वाजते. पहिल्या दिवशी त्या खरंच देवाशी बोलायला आत आल्या होत्या. आयुष्यभर बोलत आल्या होत्या तशाच. आणि काही आलं नाही. ना शब्द, ना ते नेहमीचं बरं वाटणं. आपण रिकाम्या घराचं दार वाजवतोय असं वाटलं. त्या उठणारच होत्या, तेवढ्यात बाहेर फरशी वाजली.

"तू चार दिवस उठली नव्हतीस," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत पहिल्यांदा तुझी पावलं ऐकली. म्हटलं, या घरात एकीला तरी त्याचा आधार आहे असं हिला वाटलं, तर ही उठेल. मग बोलत राहिले. मध्ये थांबायचे. थांबल्याशिवाय खरं वाटलं नसतं."

"वर्षभर?"

"तू रोज यायचीस ना."

"आणि मला कधी आत का नाही बोलावलं?"

"कोणत्या तोंडाने बोलावू? आत काही नव्हतं गं."

मला राग यायला हवा होता, पण मला आधी हसू आलं आणि मग काय आलं ते मलाच कळलं नाही. वर्षभर मी ज्याच्यावर जळत होते ते नव्हतंच. मी एका रिकाम्या खोलीवर जळत होते, आणि त्या खोलीत ही म्हातारी रोज अर्धा तास एकटी बसून माझ्यासाठी "बरं" म्हणत होती. आत भोक दिसलं नाही म्हणून मी समजले होते की यांचं सगळं नीट जुळलंय. मुलगा गेलेल्या बाईला एकदा तरी विचारावं, आई, कसं काय चाललंय, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. जळण्यातून वेळ मिळाला असता तर आलं असतं.

मी त्यांना तसं सांगून टाकलं. म्हटलं, मी तुमच्यावर जळत होते. रोज इथे उभी राहून म्हणायचे, यांनाच का, मला का नाही?

सासूबाईंनी मान वर केली. "कुणाला म्हणायचीस?"

"काय कुणाला?"

"मला का नाही, हे कुणाला म्हणायचीस? मला तर कधी म्हणाली नाहीस."

रोज सकाळी, हातात चहा, दातओठ खाऊन, एकही दिवस न चुकता मी ते म्हटलं होतं. ओट्याला टेकून एकदाच बोलले आणि उत्तर आलं नाही म्हणून सोडून दिलं, असं मी समजत होते. सोडलं कुठे होतं? वर्षभर मी देवाशी भांडत होते.

"आता बोल," सासूबाई म्हणाल्या. "मला काही सुचत नाही. माझे शब्द संपले."

मला असलं काही येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, येतं तसं बोल. मग मी त्या खाटेवर बसून, वकीलबाईंचा कोट मांडीवर घेऊन बोलले. फार काही नाही. "देवा, मला तुझं काही ऐकू येत नाही. यांनाही येत नाही, ते मला आज कळलं. मी तुझ्यावर चिडलेय, ते तुला माहीतच असेल. माझं राहू दे. आधी यांना काहीतरी सांग. यांना सवय होती तुझी."

मी थांबले. या वेळी मी मुद्दाम थांबले नव्हते, बोलायचं संपलं म्हणून थांबले. काही ऐकू आलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली. पण खोली ओट्याजवळच्या त्या दिवसासारखी नव्हती. कुणी समोर बसून ऐकून घेतल्यावर जसं बसवतं, पुढचं बोलायची घाई राहत नाही, तसं मला वाटलं. सासूबाई रडायला लागल्या. मुलगा गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि माझंही सुरू झालं. शटर त्या दिवशी अकराला उघडलं.

दुपारभर बसून सासूबाईंनी उजव्या बाहीचं रफू केलं. वेढा घालताना त्यांनी बाही माझ्यापुढे धरली आणि मी बोट घालून भोक दाखवलं. संध्याकाळी मी कोट खिडकीशी नेला. या वेळी मला रफू सापडलं, एक धागा किंचित वर होता. नियमाने काम परत जायला हवं होतं. मी ते परत दिलं, आणि त्यांनी न कुरकुरता धागा बसवला. मग मी पुन्हा भिंग लावलं आणि ते वाक्य माझ्याच तोंडून आलं. "आई, इथे भोक होतं तरी का? की मला फसवता?" सासूबाई हसल्या. मीसुद्धा हसले, पंधरा वर्षांनी का होईना. मग दोरा काढला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई कोट घालूनच गेल्या. सासूबाई मागच्या खोलीत होत्या. मी दाराशी गेले नाही, काउंटर पुसत राहिले. आतून कुजबुज नव्हती, काहीच नव्हतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मला काळजी वाटायला लागली तेव्हा त्या बाहेर आल्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, चेहरा धुतल्यासारखा मुळीच नव्हता. त्या आपल्या जागी बसल्या आणि सुई ओवायला लागल्या.

मी विचारलं, "काही म्हणाला?"

"म्हणाला," त्या तुटकपणे म्हणाल्या. दोरा सुईत जात नव्हता. "वर्षभराने आला, तर माझी चौकशी नाही की काही नाही. सगळा वेळ तुझंच विचारत होता."

वर्षभर मी त्यांचं नाटक ऐकलं होतं. त्यातला प्रत्येक आवाज मला पाठ होता, आणि हा त्यातला नव्हता. हा माझ्या ओळखीचा होता. सासूबाई माझ्यावर जळत होत्या.

मी त्यांच्या हातातून सुई घेतली, ओवून दिली, आणि म्हणाले, "बरं."